घारापुरीचा धक्का : बेटबंदरावरील एकसमयी गर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोठ्या प्रवासी जहाजांचे पर्यटन गेल्या तीन-चार दशकांत जगभर वाढले. त्यातून लहान बेटांच्या बंदरांपुढे एक नवी अडचण उभी राहिली. दोन-तीन जहाजे एकाच सकाळी बंदराबाहेर नांगर टाकतात, काही हजार प्रवासी दोन-तीन तासांत एकाच धक्क्यावर उतरतात आणि संध्याकाळी त्याच धक्क्यावरून परत फिरतात. मधल्या वेळात बेटावरचे रस्ते, पाणी, शौचालये, वाहने आणि प्रेक्षणीय स्थळे यांच्यावर जो ताण येतो, तो वर्षभराच्या पर्यटकसंख्येवरून कधीच कळत नाही. ग्रीसमधील सांतोरिनी किंवा स्पेनमधील मायोर्का ही बेटे या संदर्भात वारंवार चर्चेत येतात. परंतु हा प्रश्न केवळ भूमध्य समुद्रातील बेटांचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

मुंबई बंदराच्या आतल्या बाजूस, गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे दहा-अकरा किलोमीटर अंतरावर घारापुरी हे बेट आहे. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडणारे हे बेट ‘एलिफंटा’ या पोर्तुगीजांनी दिलेल्या नावाने जगाला माहीत आहे. येथील शैव लेण्यांचा १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मोठे जहाज या बेटाला लागत नाही. तरीही मुंबईस येणाऱ्या प्रवासी जहाजांची आणि महानगरातील सुट्टीच्या दिवसाची गर्दी लाँचींमधून याच बेटाच्या एका धक्क्यावर उतरते. त्यामुळे बेटबंदरावरील एकसमयी गर्दीचा महाराष्ट्रातील अभ्यास करावयाचा झाल्यास घारापुरीपासूनच प्रारंभ करणे उचित ठरते.

मराठवाड्यातील अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळचे लेणे क्रमांक २९, म्हणजेच धुमार लेणे, आणि घारापुरीचे मुख्य लेणे यांच्या रचनेतील साम्य कलेतिहासकारांनी नोंदविले आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही स्थळे १९८३ मध्ये, म्हणजे घारापुरीच्या चार वर्षे आधी, जागतिक वारसा यादीत आली. गर्दीच्या नियमनाचा अजिंठ्याचा अनुभव घारापुरीच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) घारापुरीच्या बंदराचे स्वरूप कालौघात कसे बदलत गेले याचा आढावा घेणे.
२) प्रवासी-गर्दीवर कोणकोणत्या काळी, कोणत्या ठिकाणी आणि कशा प्रकारे नियंत्रण घालण्यात आले हे पाहणे.
३) अजिंठा व जगातील अन्य बेटबंदरे यांच्या अनुभवाच्या प्रकाशात घारापुरीच्या भवितव्याचा विचार करणे.

विषय विवेचन

१. तीन बंदरांचे बेट

घारापुरीवर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. तिन्हींच्या नावात ‘बंदर’ हा शब्द आहे, ही गोष्ट केवळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बेटाला एकेकाळी एकाहून अधिक उतारे होते आणि वाऱ्याच्या, भरती-ओहोटीच्या व हंगामाच्या मानाने नावा वेगवेगळ्या बाजूंस लागत असाव्यात, असा तर्क या नावांवरून करता येतो. आज मात्र बाहेरून येणारा बहुतेक सर्व प्रवासी शेतबंदराच्या बाजूच्या एकाच धक्क्यावर उतरतो.

बेटाच्या प्राचीन महत्त्वाविषयी एक प्रसिद्ध पुरावा ऐहोळे येथील इ.स. ६३४ च्या शिलालेखात मिळतो. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याने शेकडो नौकांच्या साहाय्याने पश्चिम समुद्रावरील ‘पुरी’ या नगरीला वेढा घातल्याचे वर्णन त्यात आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काही विद्वान मानतात. काहींच्या मते ती जंजिऱ्याजवळील राजपुरी होय. हा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि कोकण किनाऱ्यावरील जलवेष्टित नगरीचे बळ आणि तिची दुर्बलता या दोन्ही गोष्टी तिच्या उताऱ्यापाशी एकवटलेल्या असत, एवढे या वर्णनावरून निश्चित म्हणता येते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि घारापुरी त्यांच्या ताब्यात गेली. बेटावरील दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. हा हत्ती १८६४ मध्ये हलविण्याच्या प्रयत्नात भंगला. पुढे जोडलेली त्याची मूर्ती आज मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. सोळाव्या शतकात दों जुआंव द कास्त्रो, गार्सिया द ओर्ता अशा प्रवाशांनी व लेखकांनी लेण्यांची वर्णने लिहून ठेवली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावरील त्यांचा ताबा कायम झाला. या संपूर्ण काळात बेटावर येणारा परका माणूस एकटादुकटा किंवा लहान गटाने येत असे. एका दिवशी मोठा समुदाय जमण्याचा प्रसंग महाशिवरात्रीच्या यात्रेपुरता मर्यादित होता. ही यात्रा आसपासच्या कोळी-आगरी वस्त्यांतील माणसांची होती. ती आपापल्या होड्यांनी येई आणि भरतीचे पाणी पाहूनच परत फिरे.

२. आगबोटींचे युग

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे युरोपातून येणाऱ्यांचे हिंदुस्थानातील पहिले बंदर बनले. यानंतर घारापुरीच्या इतिहासात एक मूलभूत बदल घडला. बेटावर कोण येणार आणि केव्हा येणार हे आता मुंबईच्या आगबोटींचे वेळापत्रक ठरवू लागले. जहाज बंदरात असतानाच्या एक-दोन दिवसांत पाहून होण्यासारखे स्थळ म्हणून लेण्यांची कीर्ती पसरली. जेम्स बर्जेस यांचा घारापुरीवरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच वातावरणात. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला युवराज, मुंबईस आला असता त्याच्यासाठी मुख्य लेण्यात मेजवानी मांडण्यात आली. देवस्थानाचा असा वापर आजच्या दृष्टीने अनुचित वाटतो. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्या मेजवानीचा दुसरा अर्थही आहे. पाहुण्यांचा मोठा ताफा आणि त्याचा सारा सरंजाम एका संध्याकाळी बेटावर उतरवता येतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

याच काळात मुंबई बंदराने मोठ्या प्रवासी-लाटा हाताळण्याची एक पद्धत विकसित केली. डाक-आगबोटीचे आगमन आणि आगगाडीचे प्रस्थान यांची सांगड घालण्यात आली. बॅलार्ड पियर येथे जहाजातून उतरलेला प्रवासी धक्क्यालगतच्याच स्थानकावरून गाडीत बसून उत्तरेकडे रवाना होई. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्राँटियर मेल ही अशीच डाक-आगबोटीशी जोडलेली गाडी होती. जहाज आले की गर्दी होणारच, हे गृहीत धरून ती किती वेळात पुढे सरकवायची याचा विचार येथे आधी केलेला दिसतो. गर्दीचे नियोजन वेळापत्रकातून होऊ शकते, याचे हे मुंबईतीलच उदाहरण होय.

त्याउलट उदाहरण हज यात्रेच्या जहाजांचे आहे. मुंबई हे हजला जाणाऱ्यांचे मोठे बंदर होते आणि दख्खनमधील यात्रेकरूही येथूनच जहाजात बसत. तांबड्या समुद्रातील कामरान या लहान बेटावर ऑटोमन सरकारने १८८० च्या दशकात विलगीकरण केंद्र उभारले. तेथे यात्रेकरूंना उतरवून काही दिवस ठेवले जाई आणि मगच जहाजाला जेद्द्याकडे जाण्याची मुभा मिळे. हजचे दिवस चांद्र पंचांगाने ठरलेले असल्यामुळे जहाजे थोड्याच आठवड्यांत एकामागोमाग एक येत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८९५ च्या यात्रेकरू जहाज कायद्याने एका जहाजात किती माणसे घ्यावीत आणि प्रत्येकाला किती जागा द्यावी याचे नियम केले. परंतु एका वेळी किती जहाजे एका बेटाशी पोहोचावीत, हा विषय त्या नियमांच्या कक्षेबाहेर होता. नावेची क्षमता कायद्याने मोजली, बेटाची मोजली नाही, अशी ही रीत होती आणि ती पुढेही चालू राहिली.

नावेतील गर्दीचे भीषण परिणाम मुंबई बंदराने पाहिले आहेत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांची ती गर्दी होती. एका तिथीला, एका धक्क्यावर, एकाच वेळी माणसे जमतात आणि उपलब्ध नाव ती सर्व माणसे सामावून घेण्याचा प्रयत्न करते, हे चित्र त्या दुर्घटनेत स्पष्ट दिसते.

३. लाँच, धक्का आणि पायऱ्या

स्वातंत्र्योत्तर काळात घारापुरीचा प्रवासी बदलला. परदेशी पाहुण्यापेक्षा मुंबईकर कुटुंबे, शाळा-महाविद्यालयांच्या सहली आणि देशाच्या अन्य भागांतून मुंबई पाहण्यास आलेले लोक यांची संख्या वाढली. १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया हे साम्राज्याच्या पाहुण्यांसाठी उभारलेले प्रवेशद्वार आता घारापुरीच्या लाँचींचे ठिकाण बनले. १९८७ च्या जागतिक मान्यतेनंतर हा ओघ अधिकच वाढला. लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचीही थांबतात. म्हणून वर्षाची गर्दी प्रत्यक्षात दिवाळी, नाताळ व उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार यांतच दाटून येते. सिंधुदुर्ग किल्ल्यासारख्या अन्य जलदुर्गांवरही, पावसाळ्यात होड्या बंद राहत असल्याने, हाच अनुभव येतो.

घारापुरीच्या दिवसाचा क्रम ठरलेला आहे. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास लाँची सुटू लागतात. प्रवास साधारण एक तासाचा असतो. सकाळी दहा ते दुपारी एक या काळात बहुसंख्य प्रवासी बेटावर पोहोचतात. बेटाभोवती चिखलाचे उथळ पाणी व खारफुटी आहे आणि मुंबई बंदरात मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक खालीवर होते. म्हणूनच धक्का किनाऱ्यापासून पाण्यात लांबवर बांधावा लागला आहे. या लांब धक्क्यावरून चालत किंवा छोट्या आगगाडीतून पायथ्याशी यावे, तेथून दुतर्फा दुकाने असलेल्या सुमारे १२० पायऱ्या चढाव्यात आणि मग लेण्यांच्या फाटकापाशी तिकिटासाठी उभे राहावे, असा मार्ग आहे. धक्का, गाडी, पायऱ्या आणि फाटक या चारही ठिकाणी वाट अरुंद होते. एका ठिकाणी सोय वाढविली की रांग पुढच्या ठिकाणी सरकते.

परतीच्या वेळी हा ताण अधिक वाढतो. येताना माणसे तीन तासांत विभागून येतात, परंतु लेणी सायंकाळी साडेपाचला बंद होत असल्याने आणि शेवटच्या लाँचीची वेळ ठरलेली असल्याने जाताना ती एका तासात धक्क्यावर गोळा होतात. प्रवाशांना बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे शेवटची नाव चुकणे म्हणजे मोठे संकट, ही भावना प्रत्येकाच्या मनात असते. धक्क्याला एकापेक्षा अधिक लाँची शेजारीशेजारी लागल्या की एका लाँचीतून दुसऱ्या लाँचीत पाय टाकून चढावे लागते. लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी हा क्षण सर्वाधिक धोक्याचा असतो.

या गर्दीचा दुसरा पक्ष म्हणजे बेटावर राहणारी माणसे. सुमारे बाराशे लोकवस्तीच्या या बेटाला पाण्याखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलद्वारे वीज मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे जागतिक वारसा घोषित झाल्यानंतर एकतीस वर्षांनी. पर्यटकांवर बेटाची उपजीविका मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. दुकाने, खानावळी, मार्गदर्शक, धक्क्यावरील कामे आणि ग्रामपंचायतीचा प्रवासी कर हे सर्व त्या ओघावर चालते. त्यामुळे गर्दी कमी करावी असे म्हणणे सोपे असले, तरी त्याची किंमत प्रथम ग्रामस्थ मोजतात. मात्र एका दुपारी लोकवस्तीच्या कितीतरी पट माणसे उतरतात, तेव्हा पिण्याचे पाणी, कचरा आणि वैद्यकीय मदत यांची जबाबदारीही याच लहान वस्तीवर पडते. गावातील आजारी माणसालाही त्याच धक्क्यावरून आणि त्याच गर्दीतून वाट काढून मुंबई किंवा उरण गाठावे लागते.

४. नावेची मर्यादा आणि धक्क्याची मर्यादा

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचीला भर समुद्रात नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली. या दुर्घटनेत पंधरा जणांचा मृत्यू झाला. दुर्घटनेचे तात्कालिक कारण धडक हे होते. परंतु लाँचीची परवानगी ८४ प्रवासी व ६ कर्मचारी इतकी असताना तीत शंभराहून अधिक माणसे होती, ही बाबही पुढे आली. त्यानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.

सुरक्षिततेच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. तथापि इतिहासाच्या अंगाने पाहता येथेही नियमाचा रोख एका नावेकडेच राहिला. समजा, प्रत्येक लाँचीने ८४ प्रवाशांची मर्यादा काटेकोर पाळली. तरीही तासाभरात दहा लाँची पोहोचल्या तर बेटावर ८४० माणसे उतरतील आणि एकाही नावेने नियम मोडलेला नसेल. उलट, मर्यादा पाळण्यासाठी फेऱ्या वाढविल्या तर धक्क्यापाशी एका वेळी अधिक लाँची ताटकळत राहतील. नावेची मर्यादा आणि धक्क्याची मर्यादा या दोन भिन्न गोष्टी असून पहिली पाळल्याने दुसरी आपोआप पाळली जात नाही.

दुसरी मर्यादा ठरविण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला आजच्या व्यवस्थेत सरळ उत्तर नाही. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. धक्के आणि प्रवासी लाँचींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. मोठ्या जहाजांचे येणेजाणे मुंबई बंदर प्राधिकरण पाहते. बेटावरील वनक्षेत्र वन विभागाकडे आणि वस्ती ग्रामपंचायतीकडे आहे. लाँचीच्या फेऱ्या मालकांच्या सहकारी संस्थेमार्फत चालतात. १९८५ मध्ये राज्य शासनाने बेटाच्या किनाऱ्यापासून एक किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित ठरविले. ही तरतूद बांधकामे व उद्योग यांना दूर ठेवण्यास उपयोगी आहे. परंतु एका तासात किती माणसे उतरावीत, या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

५. अजिंठ्याचा अनुभव

याच प्रश्नाकडे अजिंठ्याने वेगळ्या पद्धतीने पाहिले. वाघूर नदीच्या अरुंद घळीत असलेल्या या लेण्यांच्या पायथ्याशी पूर्वी मोटारगाड्यांची आणि दुकानांची दाटी होत असे. जपानच्या अर्थसाहाय्याने राबविलेल्या अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पात ही दाटी दूर नेण्यात आली. फर्दापूर येथील फाट्यावर खासगी वाहने थांबवून पुढचा सुमारे चार किलोमीटरचा प्रवास राज्य परिवहन महामंडळाच्या बसने करण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे लेण्यांकडे जाणारा ओघ एका ठिकाणी अडवून, हप्त्याहप्त्याने सोडणे शक्य झाले. चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मर्यादित लोकांनाच प्रवेश देण्याचा नियमही याच विचारातून आला. श्वासातील आर्द्रतेने व उष्णतेने चित्रांना इजा पोहोचते, हे त्यामागचे कारण होय.

फर्दापूरची व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. सुट्टीच्या दिवशी बससाठी लांब रांगा लागतात. पण रांग कोठे लागते याला महत्त्व आहे. ती फाट्यावर लागते, जेथे सावली, पाणी आणि मोकळी जागा पुरविता येते. भिंतीवरील बोधिसत्त्वासमोर किंवा अरुंद पायवाटेवर ती लागत नाही. घारापुरीच्या बाबतीत फर्दापूरच्या फाट्याचे स्थान गेटवे ऑफ इंडियाला आहे. बेटावर पोहोचलेल्या माणसाला थांबविण्यासारखी जागा बेटावर नाही. त्याला थांबवावयाचे असेल तर ते मुंबईच्या किनाऱ्यावरच थांबविता येईल.

६. अन्य बेटबंदरांतील उपाय

जगातील काही बेटांनी हाच निष्कर्ष निरनिराळ्या मार्गांनी काढलेला दिसतो. सांतोरिनीच्या जुन्या बंदरातून वरच्या फिरा गावात जाण्यासाठी ५८८ पायऱ्या किंवा तारेवरची गाडी असे पर्याय आहेत. या गाडीची वाहतूक-क्षमता तासाला सुमारे १,२०० माणसे इतकी सांगितली जाते. म्हणजे जहाजांतून आलेले ८,००० प्रवासी केवळ गाडीने वर न्यावयाचे झाल्यास साडेसहा तासांहून अधिक वेळ लागेल. तेथील प्रशासनाने दिवसाला ८,००० जहाज-प्रवाशांची मर्यादा ठरविली. तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात काही दिवशी ती ओलांडली गेली. जुलै २०२५ पासून ग्रीसने सांतोरिनी व मिकोनोस येथे जहाजातून उतरणाऱ्या प्रवाशाकडून ऐन हंगामात वीस युरो आकारण्यास सुरुवात केली. मायोर्का बेटावरील पाल्मा बंदराने २०२२ पासून दिवसाला तीनच मोठी प्रवासी जहाजे घ्यावीत आणि त्यांपैकी एकच पाच हजारांहून अधिक क्षमतेचे असावे, असा करार केला. अमेरिकेतील मेन राज्यात, माउंट डेझर्ट बेटावरील बार हार्बर या लहान गावाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवसाला एक हजार जहाज-प्रवासी उतरण्याची मर्यादा मतदानाने मंजूर केली. त्यावर पुढे न्यायालयीन वाद झाले.

या उपायांत एक फरक लक्षात घ्यावा लागतो. शुल्क आकारल्याने उत्पन्न मिळते, परंतु जहाजे एकाच सकाळी येण्याचे थांबेलच असे नाही. पाल्माचा उपाय जहाजांच्या वेळापत्रकातच हात घालतो, म्हणून तो मूळ प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. बार हार्बरचे उदाहरण मर्यादा ठरविण्यात स्थानिक रहिवाशांना मत असावे, हे तत्त्व पुढे आणते.

७. नवे टर्मिनल आणि जुना धक्का

मुंबईत हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पियर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे हाताळण्याची त्याची योजना आहे. दहा लाखांना ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला सरासरी सुमारे २,७४० प्रवासी येतात. पावसाळ्याचे चार महिने वगळले तर हीच सरासरी ४,१०० च्या घरात जाते. परंतु ज्या दिवशी खरोखर पाच जहाजे एकत्र धक्क्याला लागतील, त्या दिवशीचा आकडा या दोन्ही सरासरींहून कितीतरी मोठा असेल.

यांपैकी सर्वच प्रवासी घारापुरीला जाणार नाहीत, हे उघड आहे. अनेकजण मुंबईतच फिरतील किंवा येथूनच प्रवासास निघणारे असतील. केवळ उदाहरणादाखल, दोन हजार प्रवाशांच्या एका जहाजातील चौथाई लोकांनी घारापुरीची सहल निवडली असे मानू. त्या ५०० माणसांना ८४ प्रवाशांच्या सहा लाँची लागतील. अशा दोन जहाजांचा दिवस रविवारी आला, तर एरवीच्या गर्दीत बारा लाँचींची भर पडेल आणि त्या सर्वांना जहाज सुटण्याच्या वेळेआधी परतावयाचे असेल.

दरम्यान गेटवेवरील ताण कमी करण्यासाठी कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीचे काम हाती घेण्यात आले. स्थानिक रहिवाशांनी त्यास विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून प्रकल्पाला वाट मोकळी केली. त्याआधी शिवडीहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून तारमार्ग नेण्याचा प्रस्तावही मांडला गेला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. या दोन्ही योजनांचा विचार माणसे अधिक संख्येने व अधिक सोयीने बेटाकडे कशी नेता येतील, या दिशेने झालेला दिसतो. पलीकडच्या टोकाला शेतबंदराचा तोच धक्का आणि त्याच पायऱ्या आहेत. अलीकडचे दार रुंद करून पलीकडचे दार तसेच ठेवले, तर मधली माणसे पलीकडच्या दाराशीच दाटणार.

निष्कर्ष

१) घारापुरीचे बंदर प्राचीन काळापासून बाहेरच्या जगाशी जोडलेले होते. मात्र आगबोटींच्या युगापासून तेथे माणसे केव्हा उतरणार हे मुंबईचे वेळापत्रक ठरवू लागले आणि बेटाच्या हातून तो निर्णय गेला.

२) १८९५ च्या कायद्यापासून २०२४ च्या दुर्घटनेनंतरच्या नियमांपर्यंत प्रवासी-सुरक्षेचा भर एका नावेच्या क्षमतेवर राहिला. एका वेळी धक्का किती माणसे पेलू शकतो, याचे मोजमाप नियमांच्या कक्षेत आले नाही.

३) धक्का, छोटी गाडी, पायऱ्या आणि फाटक यांपैकी एकाच ठिकाणी सुधारणा केल्यास गर्दी पुढे सरकते. म्हणून या चारही ठिकाणांपैकी जे सर्वांत अरुंद असेल, त्याच्या तासाच्या क्षमतेवरून लाँचींच्या फेऱ्या ठरविणे युक्त ठरेल.

४) फर्दापूरच्या धर्तीवर थांबविण्याची व सोडण्याची व्यवस्था मुंबईच्या किनाऱ्यावर झाली पाहिजे. वेळ नोंदविलेले तिकीट लाँच आणि लेणी यांसाठी एकच असावे. परतीची वेळही त्यातच नमूद असावी, म्हणजे सायंकाळची धास्ती आणि तिच्यातून होणारी रेटारेटी कमी होईल.

५) जहाजांच्या आगमनाचे वेळापत्रक बंदर प्राधिकरणाकडे बरेच आधी उपलब्ध असते. ते पुरातत्त्व सर्वेक्षण, सागरी मंडळ, लाँच संस्था आणि घारापुरी ग्रामपंचायत यांना कळविले जाऊन त्यानुसार त्या दिवसाची मर्यादा एकत्रितपणे ठरविली गेली पाहिजे. या मर्यादेच्या निर्णयात ग्रामपंचायतीचे स्थान केवळ कर गोळा करणारी संस्था इतके राहू नये.

बॅलार्ड पियरवर एकेकाळी जहाज आणि आगगाडी यांच्या वेळा एकमेकींशी जुळविल्या गेल्या होत्या. त्याच ठिकाणी आज पाच जहाजांचे टर्मिनल उभे आहे. तेथील वेळापत्रकात घारापुरीच्या धक्क्यालाही एक रकाना मिळणे, हे लेण्यांच्या जतनाइतकेच बेटावरील बाराशे माणसांच्या आणि तेथे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या हिताचे आहे.